कोणता पांढरा?

"पांढरा म्हणजे कोणता पांढरा?"

भाड्याची जागा बघायला आलेल्यांना घरमालक नोकरी विचारतात, गाव विचारतात, घरात मांस-मच्छी होते का ते आडून आडून विचारतात. आमच्या घरमालकांनी मला हा प्रश्न विचारला. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघताना मी सहज म्हणाले होते, "भिंतींना पांढरा रंग छान दिलाय." झालं. त्यांनी मोबाइल काढला, पडद्यावरून अंगठा सावकाश सरकवला, आणि माझ्यासमोरची भिंत बदलायला लागली. आधी ती ताकासारखी निळसर पांढरी होती. मग दुधासारखी झाली. मग तिच्यावर साय आली. मग लोणी. शेवटी कढवलेल्या तुपासारखी पिवळसर, ऊबदार होऊन थांबली.

"आता सांगा. कोणता?"

माझा नवरा दाराकडे बघायला लागला. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"मधला," मी म्हणाले. "सायीसारखा."

काकांचा चेहरा असा उजळला, की त्या क्षणी त्यांना कुठल्याच बल्बची गरज नव्हती. "साय! अहो, मी पण त्याला सायच म्हणतो! जागा तुम्हाला दिली."

"अहो, त्यांनी अजून घेतली नाहीये," दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

अट एकच होती. बल्ब काकांचे. ते सगळे वायफायवर चालणारे स्मार्ट बल्ब होते, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं की ते मुके होत, काकांचं सॉफ्टवेअर त्यांच्याशी बोलू शकत नसे. म्हणून प्रत्येक बटणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर काकांच्या वळणदार अक्षरात सूचना: 'हे बटण दाबू नये. दिवा बंद करायचा असल्यास दिव्याला सांगावे.'

अशा घरात आम्ही राहायला गेलो.

काका तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि शर्टाच्या खिशात बाथरूमच्या टाइलचा एक तुकडा. पेन नाही, पाकीट नाही, टाइल. कडा घासून गुळगुळीत केलेली, पत्त्याएवढी, पांढरीशुभ्र. हा त्यांचा पांढऱ्याचा मापदंड. कागद पिवळा पडतो, कापडाला लोक नीळ घालतात, भिंतीला माणसांचे हात लागतात. टाइल मात्र कुणाचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. हॉटेलात जेवायला गेले तरी टाइल टेबलावर ठेवून वरच्या दिव्याकडे बघत आणि वेटरला म्हणत, "तुमच्या भाज्या चांगल्या असतील हो, पण या दिव्याखाली मेलेल्या दिसतायत."

यामागे त्यांचा सबंध जन्म होता. पेठेतच त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, मसाल्याची पाकिटं. छपाईचा पहिला नमुना आला की काका तो घेऊन उत्तरेकडच्या खिडकीशी जाऊन उभे राहत, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नसे. एकदा ढगाळ दिवशी घाई होती म्हणून त्यांनी ट्यूबलाइटखालीच नमुना मंजूर केला. लाल तिखटाची सगळी पाकिटं विटेच्या रंगाची निघाली. मसालेवाल्यानं एक पाकीट उन्हात धरून विचारलं होतं, "यात काय भरू? वाळू?" हा प्रसंग काका इतक्या रंगून सांगत, की जणू त्या दिवशी त्यांना दीक्षाच मिळाली.

छापखाना विकला आणि काही दिवसांतच मुलानं परदेशातून येताना दोन स्मार्ट बल्ब आणले. मोबाइलवरून पांढऱ्या उजेडाची ऊब कमी-जास्त करता येते हे पाहिल्यावर काका त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकू सांगतात. "मला वाटलं, यांना बरं नाहीये. बघते तर दिव्याखाली भाताचं ताट धरून उभे. भात गार आणि हे गरम."

बल्बच्या पोटात दोन जातींचे बारके दिवे असतात, पिवळसर आणि निळसर. सॉफ्टवेअर एकाला वाढवतं, दुसऱ्याला कमी करतं, आणि त्या मिश्रणातून हवा तो पांढरा निघतो. ही एवढी गोष्ट काका मला जिन्यात, गच्चीत, दूध आणायला जाताना, इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं सांगत, की प्रत्येक वेळी मला ती नव्यानं ऐकल्यासारखी वाटे. रंगीत बल्बांचा मात्र त्यांना राग. लाल, जांभळा, निळा करणारे बल्ब त्यांनी घरात येऊच दिले नाहीत. "रंग मांडवात. घरात पांढरा. रंग काय, कुणीही दाखवेल. पांढरा बसवून दाखवा!"

अॅपमध्ये उजेडाचा आकडा केल्विनमध्ये, म्हणजे तापमानाच्या मापात येतो. तो आकडा काकांना पटत नसे, कारण उजेड ऊबदार करायचा तर आकडा कमी करावा लागतो आणि थंड करायचा तर वाढवावा लागतो. "म्हणजे थंडी वाजली की ताप चढला म्हणायचं!" त्यांनी स्वतःची नावं ठेवली. ताक, दूध, साय, लोणी, तूप. सबंध इमारतीचं वेळापत्रक या पाच पदार्थांवर चाले. सकाळी ताक, दुपारी दूध, चहाच्या वेळी साय, दिवेलागणीला लोणी आणि जेवणं झाली की तूप. वरच्या मजल्यावर राहणारी कॉलेजची पोरं एकमेकांना फोनवर सांगत, "अरे लवकर ये, तूप लागलं."

"खायच्या तुपाची बरणी रिकामी आहे," काकू म्हणायच्या. "पण दिव्यात साजूक हवं."

मी सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे हे कळल्यावर माझं नाव 'इंजिनियरबाई' पडलं आणि रविवारची सकाळ काकांच्या नावे लागली. बल्बबरोबर येणारं अॅप त्यांना पुरत नव्हतं. व्हिडिओ बघून बघून ते पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले होते. त्यांचा प्रोग्रॅम वाचणं हा एक अनुभव होता, कारण त्यात चलांची, म्हणजे व्हेरिएबल्सची नावं 'उत्तरखोली', 'हट्टीबल्ब' आणि 'सौ' अशी होती. 'सौ' म्हणजे स्वयंपाकघरातला उजेड, जो काकूंनी सांगितल्याशिवाय बदलायचा नाही.

हट्टीबल्ब म्हणजे काकांचं खरं युद्ध. एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून निघालेले चार बल्ब एकाच आकड्यावर ठेवले तरी चार वेगळे पांढरे देत. एक गुलाबीकडे झुके, एक हिरवटकडे. हा फरक तुम्हा-आम्हाला दिसतही नाही. काकांना तो भाजीत खडा लागावा तसा लागे. त्यांनी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, एकदा बंद करून चालू करून बघा."

"मी बघतोच आहे," काका म्हणाले. "प्रश्न तुम्ही कधी बघणार हा आहे."

शेवटी आम्ही प्रत्येक बल्बसाठी वेगळी दुरुस्ती लिहिली. काका टाइल धरून उभे राहायचे, मी आकडा बदलायचे. "थोडं ताक. अजून. अजून जरासं. आलं! थांब! हलू नकोस!" जणू मी हलले तर उजेड सांडेल. चारही बल्ब पहिल्यांदा अगदी एकसारखे लागले, तेव्हा हा माणूस खोलीच्या मधोमध उभा राहून स्वतःभोवती गोल फिरला. "काकू, या, या लवकर!" मीच ओरडले. त्यांचा उत्साह मला केव्हा लागला ते समजलंच नव्हतं.

काकूंनी येऊन चारही दिव्यांकडे पाहिलं. "आधी काय होतं?"

"वेगळं होतं!"

"असेल," म्हणून त्या आत गेल्या.

माझ्या नवऱ्याशी मात्र काकांचं एकदा वाजलं. तो घरून काम करायचा आणि त्याच्या मीटिंगा संध्याकाळी, म्हणजे नेमक्या लोण्याच्या वेळेला सुरू व्हायच्या. कॅमेऱ्यात तो पिवळाधमक दिसे. एके दिवशी त्याच्या मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, "तब्येत बरी आहे ना? कावीळ वगैरे?" तो तणतणत खाली गेला.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "उजेड पिवळा आहे, तुम्ही नाही. एवढं तुमच्या साहेबांना कळत नसेल तर तुम्ही नोकरी बदला. मी दिवा बदलणार नाही."

तेव्हापासून आमच्या घरात कुणीही, काहीही पिवळं दिसलं की एकच उत्तर ठरलेलं होतं: काकांचा उजेड. भात पिवळा? काकांचा उजेड. धुतलेला शर्ट पिवळा? काकांचा उजेड. त्या उत्तराची आम्हाला सवय होऊन गेली, आणि त्या सवयीनं आमचा घात व्हायची वेळ आली.

मला मुलगी झाली तेव्हा हिवाळा होता. माहेरी जायचं होतं, पण डॉक्टरांनी शेवटी शेवटी प्रवास नको म्हटलं, म्हणून फलटणजवळच्या गावाहून आईच पुण्याला आली. आम्ही दवाखान्यातून घरी आलो तर काकांनी आमची आतली खोली सजवून ठेवलेली. सजवून म्हणजे उजेडानं. बाळ-बाळंतिणीच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून दिवसभर तूप. त्यातही नेहमीच्या तुपाहून जास्त कढवलेलं. आईनं वारा लागू नये म्हणून जाड पडदे लावून टाकले. खोली एखाद्या समईच्या पोटात बसल्यासारखी झाली. मला फार आवडली होती ती.

बाळ शांत होतं. दूध प्यायला उठवावं लागे, दोन घोट घेतले की पुन्हा झोपे. आई सगळ्यांना फोनवर सांगे, "लई गुणाचं लेकरू हाय. रडणं म्हणून न्हाई."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी काका दारापर्यंत येऊन चौकशी करून निघाले होते, तेव्हा आईनं त्यांना थांबवलं.

"भाऊ, तुमचा दिवा लई ग्वाड हाय, पर लेकरू हळद लावल्यागत दिसतंय. फोटू धाडला तर गावाकडनं इचारत्यात, बाळाला काय झालंय का म्हून. फोटूपुरता जरा पांढरा लावा की."

"कोणता पांढरा?" काकांनी सवयीनं विचारलं.

"पांढऱ्यासारखा पांढरा!"

काका हसले. बाळंतिणीच्या खोलीत जायचं म्हणून आधी हातपाय धुऊन आले. मग मोबाइल काढून त्यांनी अंगठा सरकवला. लोणी, साय, दूध. खोली एकदम जागी झाल्यासारखी वाटली. चादर पांढरी झाली. बाळाचं दुपटं पांढरं झालं. आईच्या डोक्यावरचा पदर पिवळा वाटत होता तोही पांढराच निघाला.

बाळ पिवळंच राहिलं.

मला काही कळलं नाही. मी म्हणाले, "काका, अजून थोडं ताक करा ना."

काकांनी खिशातली टाइल काढली, दुपट्यावर बाळाच्या गालाशेजारी ठेवली आणि वाकून बघत राहिले. मग माझा हात धरून टाइलच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. मग आईला म्हणाले, "बाई, तो पडदा सरकवा."

पडदा सरकला. दुपारचं लख्ख ऊन आत आलं.

"इंजिनियरबाई, हा माझा उजेड नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दिवा खरं सांगतोय, टाइल खरं सांगतेय. बाळ पिवळं आहे. डोळे बघा तिचे."

आईनं बाळाची पापणी हळूच वर केली. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नव्हता.

पुढचं सगळं एका दमात झालं. काका जिन्यावरून खाली ओरडत गेले, "रिक्षा! रिक्षा!" काकूंनी गॅस बंद केला, पायात दोन वेगळ्या चपला घातल्या आणि माझा हात धरून मला खाली आणलं. माझा नवरा मीटिंग तशीच सोडून दवाखान्याची फाइल घेऊन मागून धावला. रिक्षावाला म्हणाला, "एवढी माणसं बसणार नाहीत." काकू म्हणाल्या, "आम्ही मोजायला बोलावलं नाही तुम्हाला. चला." काका स्कूटरवर पुढे, हॉर्न वाजवत, हात हलवत, गर्दीत आमच्या रिक्षाला वाट करून देत. मी बाळाचे तळवे चोळत होते आणि आई तिच्या कानाशी पुटपुटत होती, "ऊठ गं माझी बाय, ऊठ."

बालरोगतज्ज्ञ बाईंनी बाळाच्या कपाळावर बोट दाबलं, मग छातीवर, मग पायावर. रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कावीळ बरीच वाढलीये. नवजात बाळांना होते, आणि आपण वेळेत आलात तर बरीही होते. आज आलात ते बरं केलंत. दोन दिवसांनी आला असतात तर मी असं बोलत बसले नसते. कुणाच्या लक्षात आलं?"

आईनं काकांकडे बोट दाखवलं.

"दिव्यामुळे," काका घाईघाईनं सांगू लागले. "म्हणजे त्याचं असं आहे, ऊबदार पांढऱ्यात निळा फार कमी असतो, त्यामुळे पिवळेपणा लपतो, आणि न्यूट्रल पांढऱ्यात..."

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "दिव्याचं आपण बघा, बाळाचं मी बघते."

आणि मग त्यांनी माझ्या लेकीला डोळ्यांवर पट्टी बांधून दिव्याखालीच ठेवलं. निळ्या दिव्याखाली. काचेच्या पेटीत ती एवढीशी, उघडी, आणि सगळीकडून तो निळा झगझगीत उजेड. तो कातडीतलं पिवळं मोडतो, असं नर्सनं समजावलं. काका काचेला नाक लावून उभे होते.

"निळा," ते म्हणाले. "जन्मभर मी याला मांडवात हाकललं. आणि बघ."

मग ते बाकावर येऊन बसले. आईकडे न बघता म्हणाले, "त्या खोलीचा उजेड मी बसवला होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. सगळ्यांना बरं वाटलं आणि दिसायचं तेवढं राहून गेलं. खिडकी उघडी असती तर परवाच समजलं असतं तुम्हाला."

आई त्यांच्याहून वयानं लहान, पण त्या वेळी मोठ्या बहिणीसारखी बोलली. "भाऊ, पडदं मी लावलं. सुस्त लेकराला गुणाचं मी म्हनलं. येकट्यानं समदं डोस्क्यावर घिऊ नगा. घरी जावा, जेवा. वहिनींच्या पायात बगा, दोन चपला दोन रंगाच्या हायत."

काकूंनी खाली बघितलं. "बाई गं," म्हणाल्या, आणि त्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा हसलो.

दोन दिवसांत बाळाचा रंग उतरला. तिला घरी आणलं त्या दिवशी ती रडली, असं रडली की वरच्या मजल्यावरची पोरं बघायला आली. आई आनंदानं म्हणाली, "रड, रड! लई ग्वाड वाटतंय!"

काका त्या काळात स्वस्थ नव्हते. मी अंथरुणातून उठून बसायला लागले त्याच आठवड्यात ते लॅपटॉप घेऊन दाराशी हजर. "मोबाइलवर एक बटण पाहिजे. आत्ताच्या आत्ता. वेळापत्रक काहीही असो, लोणी असो, तूप असो, हे बटण दाबलं की खोलीत स्वच्छ, सरळ, न्यूट्रल पांढरा. दहा मिनिटं. मग परत जाऊ दे जिथे जायचं तिथे." मी मांडीवर बाळ घेऊन ते लिहिलं. बटणाचं नाव काकांनी ठेवलं, 'बघा'.

'बघा' सबंध इमारतीत लोकप्रिय झालं. तांदूळ निवडताना, सुईत दोरा ओवताना, मुलाच्या अंगावर पुरळ आहे की डास चावलेत हे ठरवताना लोक 'बघा' करू लागले. माझा नवरा मीटिंगच्या आधी न चुकता 'बघा' करायचा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा करायचा. काकांनी त्याकडे मोठ्या मनानं काणाडोळा केला.

मग काकांना वाटलं, प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत 'बघा' हवं. ते एका पिशवीत चार बल्ब, टाइल आणि लॅपटॉप घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. मला सोबत नेलं. अर्धा तास प्रात्यक्षिक दिलं. ताक, दूध, साय, सगळं दाखवलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "काका, फार छान. पण आमच्याकडे खिडकी आहे."

मला वाटलं, काका दुखावतील. ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि इतके हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं. "बरोबर आहे तिचं! अगदी बरोबर आहे! छापखान्यात मी काय करत होतो?" मग परत वर गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "खिडकीला पडदे लावू देऊ नका कुणाला." डॉक्टर म्हणाल्या, "ते मी घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला सांगते आता. आपल्यामुळेच."

हे वाक्य काकांनी पुढे कित्येक महिने पुरवून पुरवून वापरलं.

मुलगी शाळेच्या वयाची झाली आणि आम्ही वाघोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो. काकांचे फोन येत राहिले. नवीन बल्ब आले, जुना प्रोग्रॅम चालत नाही, सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि हट्टीबल्ब पुन्हा हट्टाला पेटला. मग एका शनिवारी दुपारी फोन आला.

"इंजिनियरबाई, लगेच ये. सगळं चुकलंय!"

मी घाबरले. "काय झालं काका? काकू बऱ्या आहेत ना?"

"तिला काय होतंय! अगं, सगळेच्या सगळे बल्ब चुकलेत! पहिल्या दिवसापासून! तू ये तर खरी!" आणि हा माणूस आनंदानं ओरडत होता, दुःखानं नव्हे.

मी मुलीला घेऊन गेले. काका दारातच उभे, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. पहिला डोळा महिन्यापूर्वी, दुसरा नुकताच. मधल्या महिन्यात त्यांनी काय केलं असेल? डॉक्टर दुसऱ्या डोळ्याची तारीख देत होते आणि हे पुढे ढकलत होते, कारण त्यांना तुलना करायची होती. एक डोळा झाकायचा, टाइलकडे बघायचं. मग दुसरा झाकायचा.

"जुन्या डोळ्यानं टाइल पांढरी. नव्या डोळ्यानं तीच टाइल, त्याच दिव्याखाली, निळसर!" ते मला सांगत होते, सांगताना माझ्या मुलीचे खांदे हलवत होते. "म्हणजे माझ्या भिंगातच तूप साचलं होतं गं! कित्येक वर्षं! ते तूप कापायला मी दिव्यात ताक ओतत होतो, आणि तुम्हा सगळ्यांना सांगत होतो, हाच शुद्ध पांढरा!"

खरं सांगायचं तर तो सकाळचा उजेड आम्हा सगळ्यांनाच जरा निळसर, दवाखान्यासारखा वाटायचा. पण काकांच्या नजरेपुढे आपली नजर काय, म्हणून आम्ही बोललो नव्हतो. मी तसं त्यांना सांगितलं.

"का नाही बोललात?"

"मी बोलले होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, तुला चष्मा लागलाय."

"लागलाय ना पण!"

"मला लांबचा लागलाय. पांढऱ्याचा नाही."

मी लॅपटॉप उघडला. पहिल्यापासून सुरुवात करायची होती, प्रत्येक बल्ब, प्रत्येक दुरुस्ती. काका या कल्पनेनंच वीस वर्षांनी लहान झाले होते. त्यांनी गॉगल काढला, खुर्ची ओढली, दिव्याखाली टाइल ठेवली. मी पहिला आकडा टाकला आणि विचारलं, "काका, किती कमी करू?"

मी वर पाहिलं. ते टाइलकडे बघतच नव्हते. चहाचा ट्रे घेऊन आत येणाऱ्या काकूंकडे बघत होते.

"ही साडी कधी घेतलीस?"

"तुमच्या साठीला. तुम्हीच आणलीत."

"ती तर तपकिरी होती."

"जांभळी आहे. पहिल्यापासून जांभळी आहे. तुम्ही आणलीत तेव्हा तुम्हालाही दिसत होती जांभळी. नंतर नंतर तुम्ही तिला तपकिरी म्हणायला लागलात, तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे बघून बोलत नसतील."

काका उठले. साडीचा काठ बोटांत धरून त्यांनी नुसतं बघितलं. "अगं, जांभूळ आहे हे. पिकलेलं जांभूळ." मग एकदम म्हणाले, "आणखी आहेत? मी तपकिरी म्हणालेल्या?"

काकूंनी ट्रे खाली ठेवला. मग त्या कपाटाकडे गेल्या. आयुष्यभर नवऱ्याला एका वाक्यात गप्प करणाऱ्या काकू एकेक साडी काढून पलंगावर पसरू लागल्या, आणि काका लहान मुलासारखे प्रत्येकीवर वाकत होते. "निळी! ही निळी आहे! मी तर काळी समजत होतो!" माझी मुलगीही सामील झाली. "आजोबा, ही कुठली?" "थांब, सांगतो, सांगतो!" लॅपटॉप तसाच उघडा राहिला. सगळा पलंग भरला, खुर्च्या भरल्या. काकूंच्या गालावर रंग चढला होता.

एवढ्यात दिवेलागणीची वेळ झाली. कुणी काही न करता, वेळापत्रकाप्रमाणे, घरातले सगळे दिवे हळूहळू ऊबदार व्हायला लागले. पलंगावरच्या निळ्यातलं निळं विझू लागलं. काका दचकून छताकडे वळले आणि ओरडले, "इंजिनियरबाई! ती संध्याकाळ बंद कर! आधी ती संध्याकाळ बंद कर!"

मी धावत जाऊन संध्याकाळ बंद केली. दिवे जिथे होते तिथे थांबले, मग उलटे फिरून पुन्हा पांढरे झाले.

"हं," काकू म्हणाल्या. "आता ही बघा." आणि त्यांनी पुढची साडी उलगडली.